पश्चात्तापाला दुसरा शब्द

४ एप्रिल, शुक्रवार

रवी आज सकाळी पुन्हा रडला. स्वयंपाकघरात, कॉफीचं डिकॉक्शन उतरत असताना, माझे पाय धरून. "अम्मा, माझें चुकलें. आतां नाहीं. कीर्तीची शपथ!"

कीर्तीचीच शपथ! जिचा हात मोडला तिची!

गेल्या शनिवारी लेकीला आइस्क्रीम खायला नेतो म्हणून बाइकवर घेऊन गेला. प्यालेला होता. आम्हाला कुणाला कळलं नाही. कावेरीच्या पुलाजवळ वळणावर घसरला. याला खरचटलंसुद्धा नाही, आणि पाच वर्षांच्या पोरीचा हात कोपराखाली मोडला. सून पवित्रा इस्पितळातूनच लेकीला घेऊन तंजावरला माहेरी गेली. कपडे न्यायलाही घरी आली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते.

हे म्हणाले, "इतका रडतोय म्हणजे मनापासून आहे गं."

मनापासूनच असतं हो! दर वेळी मनापासून असतं, तेच तर डोक्याला ताप आहे!

६ एप्रिल, रविवार

ज्ञानसेल्वी नावाची बाई आली होती. पाळयंकोट्टैची. तिशी-पस्तिशीची, केसांत मोगरा, खांद्याला रेकॉर्डिंगची पिशवी. थोडे लोक बोलतात अशा भाषांतून यांची मंडळी येशूचं शुभवर्तमान रेकॉर्ड करतात. आमची तंजावरी मराठी त्यांच्या यादीत आली आहे. मी तंजावरला इतकी वर्षं मोडी कागद वाचले, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं.

मी आधीच सांगून टाकलं की मी ख्रिस्ती बिस्ती होणार नाही, देवघरातले देव जागचे हलणार नाहीत. ती हसली. म्हणाली, "देव राहूं देत अम्मा, मला शब्द पाहिजेत. महाराष्ट्रातले नकोत. तुमच्या घरातले."

बोलते सगळं तमिळमध्ये. मी मराठीत लिहून घेते.

काम घेतलं. घरात बसून रवीच्या बाइकचा आवाज ऐकत राहण्यापेक्षा बरं.

सुरुवात येशूच्या अगदी पहिल्या हाकेपासून. दोनच आज्ञा आहेत तिच्यात. पश्चात्ताप करा, आणि विश्वास ठेवा. म्हटलं, सोपं आहे, दोन्ही शब्द घरचेच. ज्ञानसेल्वी म्हणाली, नाही. त्यांचा नियम आहे — ज्यानं पूर्वी कधी ऐकलं नाही अशा माणसाला ऐकवायचं आणि काय समजलं ते विचारायचं.

७ एप्रिल

संध्याकाळी रवीला म्हटलं, फुंक मार. त्यानं मारली. वास नव्हता. मग लाज वाटली, त्याची की माझी कोण जाणे.

१० एप्रिल, गुरुवार

मेलकावेरीला अलमेलुमावशींकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. तमिळ शाळेत चार इयत्ता, मराठी फक्त घरातलं. ज्ञानसेल्वीला असंच माणूस हवं होतं. वाक्य ऐकवलं. विचारलं, काय करायला सांगितलंय?

मावशी म्हणाल्या, "पश्चात्ताप? जेवल्यावर छातींत जळतें, तेंच की? मला वांग्यानें होतें."

मी कपाळावर हात मारला. ज्ञानसेल्वीनं मात्र गंभीरपणे लिहून घेतलं.

मावशींना समजावून सांगितलं — म्हणजे केलेल्याचं वाईट वाटणं. "सरी, सरी," म्हणाल्या, "तसेंच की. खातां खातां नाहीं जळत, मागून जळतें. मोर प्यालें की थांबतें." मग आम्हाला दोघींना मोर, म्हणजे ताक, पाजलं.

रिक्षात ज्ञानसेल्वी हसत होती. मला हसू येईना. नंतर येणारा ताप — शब्दाचा अर्थ तोच आहे, म्हातारीचं चुकलं कुठं? आमच्या घरी हा ताप दर खेपेला येतो. सकाळी चढतो, पाय धरायला लावतो, देवासमोर उभा करतो. संध्याकाळपर्यंत उतरतो, आणि उतरला की माणूस पुन्हा दारूच्या दुकानाच्या रांगेत.

मी म्हटलं, हा शब्द नको. ज्ञानसेल्वी म्हणाली, "मुळातही तो नाहींच, अम्मा. मूळ ग्रीक शब्दात रडणें नाहीं. मन बदलणें आहे. तमिळमध्यें बघा, मनम् तिरुंबु. मन परत फिरलें पाहिजे."

हे तिनं आधी का नाही सांगितलं? चार दिवस फुकट गेले!

१५ एप्रिल, मंगळवार

काल तमिळ नववर्ष. आंब्याची पच्चडी केली, कडुनिंबाची फुलं घालून. कुणी धड जेवलं नाही. रवी साइटवरून वेळेवर आला — तिरुप्पनंदाळच्या रस्त्यावर पुलाचं काम आहे, तिथं तो इंजिनिअर — जेवला, ताट उचललं, खोलीत गेला.

आज पवित्राचा फोन. कीर्तीशी बोलले. प्लास्टरवर मामानं हत्ती काढून दिलाय म्हणे. मग पवित्रा गच्चीवर गेली असावी, आवाज बदलला.

"अत्या, जूनमध्यें शाळा उघडणार. दाखला काढून इथल्या शाळेंत घालूं, की तिकडे येऊं? माझे अप्पा म्हणतात, आतां पुरे जालें. ह्यांच्या शपथा मी खूप ऐकल्या. तुम्ही सांगा. तुम्ही या म्हणालांत तर येतें. तुम्ही माझ्याशीं कधीं खोटें बोलला नाहीं."

मी म्हटलं, अगं, मी काय सांगू?

"तुमचा विश्वास असला तर सांगा. नसला तर नका सांगूं."

झालं! माझ्या गळ्यात! एकदा तिनं दाखला काढला की ती परत यायची नाही, हे मला कळतं आणि तिलाही कळतं. आणि मी ये म्हटलं, आणि पुढच्या वेळी हाताऐवजी पोरीचं डोकं फुटलं तर?

सून सासूच्या शब्दावर उभी आहे, आणि सासूच्या पायाखाली काही नाही.

१६ एप्रिल

यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सांग ये म्हणून. विश्वास ठेवायला पाहिजे गं कुणीतरी."

ठेवा ना! तुम्हाला विश्वास ठेवायला काय जातं? तुम्ही बँकेत असतानासुद्धा जो येईल त्याच्यावर ठेवायचात!

१९ एप्रिल, शनिवार

ज्ञानसेल्वी ईस्टरच्या सणासाठी गावी गेली. मला पुढचे भाग वाचायला देऊन गेली. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

येशूला धरून देणारा तो यहूदा. मला वाटायचं, त्याला काहीच वाटलं नसेल. पण त्यालाही वाटलं होतं! चांगलं पोळलं. आपण निर्दोष माणसाला धरून दिलं असं मोठ्यानं म्हणाला, त्यासाठी घेतलेले पैसे परत नेऊन टाकले. आणि जाऊन गळफास लावून घेतला.

पुस्तक मिटून टाकलं. रवीच्या खोलीत गेले. तो झोपला होता, तोंड भिंतीकडे करून. पंख्याकडे बघत मी बराच वेळ दारात उभी राहिले.

येशूचा दुसरा शिष्य पीटर, त्यानंही दगाच दिला होता, मी त्या माणसाला ओळखत नाही म्हणाला. तोही हमसून रडला. पण तो मागे राहिला, बाकीच्यांत मिसळला, पुढे काम करत राहिला. दोघंही रडलेच की. मग फरक कुठं पडला? कुणी सांगत नाही! दोन हजार वर्षं हे पुस्तक वाचतायत आणि आईला जे हवं ते एका ओळीत सांगता येत नाही!

२४ एप्रिल, गुरुवार

ज्ञानसेल्वी परतली. विचारलं. ती म्हणाली, यहूदासाठी मुळात वेगळाच शब्द आहे. वाईट वाटण्याचा. पहिल्या हाकेत आहे तो नव्हे. आमच्या मराठीत दोन्हीकडे पश्चात्ताप घातला तर ऐकणाऱ्याला दोघं सारखेच वाटतील.

म्हणजे शब्द शोधायलाच हवा. मी म्हटलं, "मन फिरवा" घालू. तमिळसारखंच.

परत मेलकावेरी. मावशींनी ऐकलं आणि विचारलं, "कोणाचें डोकें फिरलें?" डोकं नव्हे मावशी, मन! "मग कोणीं फिरविलें? त्या मुलाचें मन बायकोनें फिरविलें म्हणतात, तसें?" गेलं! आमच्या घरात मन फिरतं ते कुणीतरी कान भरल्यावरच.

"परत फिरा" घातलं. मावशी म्हणाल्या, "अय्यो, पावम, बिचारे! इतके लोक ऐकायला आले, आणि हा घरीं जा म्हणतो?"

ज्ञानसेल्वी रिक्षात इतकी हसली की रिक्षावाल्यानं आरसा फिरवून पाहिलं. मीही हसले शेवटी. घरी आल्यावर संताप आला. इतकी वर्षं मोडी वाचली, आणि एक शब्द सापडत नाही.

२९ एप्रिल

रवी आता रडत नाही.

हे नवीन. सकाळी उठतो, अंघोळ, कॉफी, डबा, बाइक. संध्याकाळी येतो, फुंक मार म्हणायच्या आधीच समोर येऊन मारतो, खोलीत जातो. विहिरीच्या पंपाचं वायसर बदललं. बोलत नाही, शपथा घालत नाही, पवित्राचं नाव काढत नाही.

मी काय बाई आहे! रडायचा तेव्हा म्हणायची ढोंग आहे. आता रडत नाही तर वाटतं, याला काही वाटतच नाही की काय. न पिता गेलेले दिवसही मोजत नाही मी. पूर्वी मोजायची, आणि मोजले की मोडायचे.

३ मे, शनिवार

विश्वासाचाही घोळ. मावशींना विचारलं, विश्वास म्हणजे काय? "कुत्र्याला असतो तो." तमिळमध्ये विसुवासम् म्हणजे इमानसुद्धा, त्यामुळे येशू लोकांना कुत्र्यासारखे इमानी व्हा म्हणतो असा अर्थ झाला. आमच्या घरात तर आम्ही सरळ "नंबतों" म्हणतो. तमिळ शब्द, शेपूट मराठीचं. "त्याला नंबूं नको" — हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा गेलं असेल! "नंब" असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

ज्ञानसेल्वीशी भांडले. ती म्हणाली दोन्ही आज्ञा एकाच माणसाला आहेत, ऐकणाऱ्याला. मी म्हटलं, तुमच्या देवाच्या घरी असेल. माझ्या घरी पहिली रवीला आहे आणि दुसरी मला, आणि त्यानं पहिली पाळली की नाही हे कळल्याशिवाय मी दुसरी पाळायची कशी? आधी दाखवा, मग ठेवते!

 ती हळूच म्हणाली, "अम्मा, तुम्ही शब्दावर रागावलांत, की कोणावर?"

मी तिला रवीबद्दल सांगितलं नव्हतं. रागात नाव तोंडून गेलं होतं. मग सगळं सांगितलं. तिनं उपदेश केला नाही, प्रार्थना करूया म्हणाली नाही. मोगऱ्याचं एक फूल गळून मांडीवर पडलं होतं ते उचललं आणि कॉफी मागितली. त्यासाठी तिला सगळं माफ.

८ मे

पवित्राचा फोन नाही. ती विचारणार नाही, वाट बघेल. हे जास्त वाईट.

१२ मे, सोमवार

आज जो भाग आला तो मला करवेना.

एक बाप आपल्या पोराला येशूकडे घेऊन येतो. पोराला काहीतरी झटका येतो, तो स्वतःला आगीत टाकतो, पाण्यात टाकतो, लहानपणापासून. बाप म्हणतो, तुला काही करता येत असेल तर कर. येशू म्हणतो, विश्वास ठेवणाऱ्याला सगळं होतं. आणि बाप ओरडतो — आहे माझा विश्वास, आणि जो नाही त्याला तूच हात दे!

आहे आणि नाही, एकाच दमात. मी कागद खाली ठेवला. ज्ञानसेल्वीनं यंत्र बंद केलं. म्हणाली, उद्या करू.

मला राग आला तो त्या बापाचा. इतकं सोपं होतं? आहे म्हणायचं, नाहीही म्हणायचं, आणि तेवढ्यावर पोरगं बरं? मी इतकी वर्षं नीट, खरं खरं, एकच उत्तर शोधत बसले. होय की नाही. मला कुणी सांगितलं नाही की दोन्ही चालतं!

भाजी करपली. यांनी तशीच खाल्ली.

१७ मे, शनिवार

शब्द ठरला. "वळा." पश्चात्ताप नाही, मन नाही, परत फिरणं नाही. नुसतं वळा.

मावशींना ऐकवलं. "वळायला सांगतो. वाट चुकली असेल." बास! पुढे विचारलं, वळून काय करायचं? "चालायचें. वळून तेथेंच उभें राहायचें का?"

ज्ञानसेल्वी खूश. विश्वासासाठी "नंबा" ठेवलं, मीच हट्ट धरला. महाराष्ट्रातले ऐकून हसतील. हसू देत.

आज रवी आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर गेलेच नाही. तो समोर येऊन उभा राहिला, फुंक मारायला तयार. मी म्हटलं, राहू दे, डांगर पच्चडी केलीय, जेवून घे. तो बघतच राहिला. मग जेवला. दोनदा मागून घेतलं.

माझं ठरलं असं नाही. पण त्या बापासारखं थोडं आहे, थोडं नाही. जेवढं आहे तेवढं ठेवते.

२२ मे, गुरुवार

रवीला यायला उशीर. पंक्चर म्हणाला. शर्ट धुळीनं भरलेला, डोळे खाली. माझं नाक आपोआप पुढे गेलं, मी ते मागे घेतलं. तो सरळ अंघोळीला गेला. मी विचारलं नाही. विचारणार नाही असं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलेलं पहिल्या पंक्चरला मोडायचं तर ठरवलं कशाला?

जीव मात्र टांगणीला.

२५ मे, रविवार

पवित्राला फोन केला. म्हटलं, ये.

ती म्हणाली, "अत्या, नक्की?" मी म्हटलं, रडत नाही आता. वेळेवर येतो. शपथा घालत नाही. मी नंबलें त्याला. तू मला नंब.

 मग म्हणाली, "येतें. पहिल्या तारखेला. कीर्तीचें प्लास्टर काढलें, हात बारीक जाला आहे, तेल लावायला तुम्हीच पाहिजे."

फोन ठेवल्यावर रडले. हे म्हणाले, "मी सांगत होतो की!"

रवीला सांगितलं, त्या दोघी येतायत. मला वाटलं उड्या मारील. तो खाली बसला, पायरीवर, चप्पल घालता घालता. एक पायात, एक हातात. काही बोलला नाही. आनंदानं सुचत नसेल, म्हटलं. मी तर सरळ पुरणाची डाळ काढायला गेले.

२८ मे

कीर्तीची खोली पुसली. पवित्राची उशी उन्हात घातली. रवी दोन दिवस नीट जेवत नाही. विचारलं तर, "पोट ठीक नाहीं, अम्मा." मावशींसारखं वांग्याचं असेल!

ज्ञानसेल्वी परवा आलेली. दुसऱ्यांदा ऐकवणं झालं, मावशी पास, मावशींची बहीणही पास. जाताना तिनं माझे हात धरले. म्हणाली, "सून आली की कळवा." हो म्हटलं. फार दिवसांनी मला कुणाचा राग येत नाहीये.

३१ मे, शनिवार

पवित्रा येत नाही.

आज दुपारी तिचा फोन. रवीनं काल साइटवरून तिला फोन केला होता. त्याचे शब्द तिनं मला जसेच्या तसे सांगितले — "पवित्रा, मागच्या गुरुवारीं मी प्यालों. पंक्चर नव्हतें. अम्माला ठावूक नाहीं, ती मला नंबली आहे. तिच्या शब्दावर येऊं नको. कीर्तीला अत्तां माझ्याबरोबर ठेवूं नको. शाळा तिकडचीच बघ, दाखला मी काढून आणतों."

मी विचारलं, रडला का गं?

"नाहीं, अत्या. माफ कर म्हणालासुद्धा नाहीं. एवढें सांगितलें आणि ठेवला."

तो आता अंगणात आहे, बाइक पुसतोय. सोमवारी दाखला घेऊन तंजावरला जाणार. मी खिडकीतून बघतेय आणि मला कळतंय की मी पवित्राला खोटं सांगितलं होतं. रविवारी माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. आज आहे.